धाकटा आधी

त्या गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास माझा भाऊ शकील अकोल्याच्या बसस्टँडवर बाकावर बसला आणि उठला नाही. तो एक्केचाळीस वर्षांचा होता. फोन आला तेव्हा मी अमरावतीत वर्गावर होते.

मी सांगणार आहे ती गोष्ट त्यानंतर सात आठवड्यांनी घडली.

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे. खरं सांगायचं तर वाचता वाचता मनात कारणं शोधायची मला सवय आहे... वाऱ्याने दार लागलं असेल, माणूस थकलेला असेल, आठवणीत दोन दिवस एक झाले असतील. माझा विषय इलेक्ट्रॉनिक्स. पंचवीस वर्षं शिकवते आहे. आमच्या घरात नमाज होती, रोजे होते, पण भूत-जिन्नात असलं काही बोललेलं अब्बांना चालत नसे. भाईलाही नाही. म्हणून हे लिहायला इतकी वर्षं लागली. लिहून झाल्यावरही तुम्हाला काही पटेल अशी खात्री नाही, कारण मलाच नीट पटलेलं नाही.

आधी आमच्याबद्दल थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आम्ही मूळचे मूर्तिजापूरचे. भाई सातवीपर्यंत उर्दू शाळेत शिकला. मी तीन वर्षांनी धाकटी. माझ्या वेळी उर्दू शाळा लांब पडायला लागली आणि मराठी शाळा आमच्या गल्लीच्या टोकाला होती, म्हणून अब्बांनी मला मराठीत घातलं. घरात एकच दोनशेपानी वही यायची. भाई ती उजवीकडून उघडायचा आणि मी डावीकडून. त्याचा अभ्यास माझ्या शेवटच्या पानापासून सुरू व्हायचा आणि माझा त्याच्या. मधल्या टाचणीपर्यंत आधी कोण पोचतं याची शर्यत असायची. तो मला चिडवायचा, “अगे नस्सू, तेरे इस्कूल में सब उलटा पढाते.” मी म्हणायची, उलटा तू आहेस. यावर तंटा व्हायचा आणि अम्मी वही काढून घ्यायची.

पुढे त्याने डिप्लोमा केला आणि अकोल्याच्या एका तंत्रनिकेतनात प्रयोगशाळा सांभाळायला लागला. मी डिग्री करून अमरावतीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायला लागले. माझ्या डिग्रीचं सगळं गणित त्याने शिकवलेलं होतं, हे मी कॉलेजात कुणाला कधी सांगितलं नाही. विचारलंच नाही कुणी.

ती कापसाची वाईट वर्षं होती. पेपरात रोज तेच. दिल्लीहून, मुंबईहून माणसं येत, गावं बघून जात, आणि प्रत्येक कॉलेजला शेतकऱ्यांसाठी काहीतरी प्रकल्प करायचा असे. आमच्या विभागाने पर्जन्यमापकांचा घेतला. पाऊस मोजायचे ते तालुक्याच्या ठिकाणी. बार्शीटाकळीत पडला की तालुकाभर पडला असं कागदावर धरायचे. गावात ढेकूळही भिजलेलं नसलं तरी. प्रत्येक गावात लहानसं मापक ठेवायचं आणि त्याचा आकडा रेडिओने अकोल्याला आणायचा, अशी कल्पना होती. आकडे तयार करून पाठवणारं कार्ड भाईने बनवलं. एका शेतात तो मापक बसवत होता तेव्हा बांधावरचा म्हातारा म्हणाला होता, “पाऊस मोजून काय करून रायले? आधी पाडा त खरं.” भाईला ते इतकं आवडलं होतं की वर्षभर तो तेच वाक्य सगळ्यांना ऐकवत होता.

कार्ड तपासण्यासाठी विभागाने नागपूरच्या एका एजन्सीकडून सिग्नल जनरेटर आणला होता, काही महिन्यांच्या बोलीवर. हे मशीन रेडिओच्या लहरी तयार करतं. त्या लहरींवर काय चढवायचं ते आकड्यांच्या रूपात बाहेरून देता येतं. मशीनला मागे त्यासाठी जागा असते, तिथे सोळा तारांची केबल लागते. पण केबल लावली आणि झालं असं नसतं. मशीनला आधी एकेक गोष्ट सांगावी लागते. आकडे बाहेरून येणार आहेत. ताल बाहेरच्या कार्डाचा धरायचा आहे. ताल इतका जलद आहे. तारेतला दाब इतका आहे. एका आकड्यात सोळा बिट आहेत. उणे आकडे अमुक पद्धतीने लिहिले आहेत. अशा सहा गोष्टी. भाईने त्या एका चिठ्ठीवर उर्दूत लिहून मशीनच्या कपाळावर चिकटवल्या होत्या, कारण मशीनची आतली बॅटरी मेलेली होती. वीज गेली की ते सगळं विसरायचं आणि कारखान्यातून आलं तेव्हाच्या स्थितीत उभं राहायचं. आणि त्या दिवसांत वीज रोज जायची... दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी आणि न ठरलेल्या वेळीही.

सातवीही एक गोष्ट असते. आकडा कुठल्या टोकाने वाचायचा ते. भाई पोरांना शिकवताना इंग्रजी शब्द बाजूला ठेवून आकड्यातल्या सगळ्यात जास्त किमतीच्या बिटाला थोरला आणि सगळ्यात कमी किमतीच्याला धाकटा म्हणायचा. “थोरला हलला की घर हलतं. धाकटा हलला तर शेजाऱ्यालाही कळत नाही.” मशीन मुळातच थोरला आधी धरतं. भाईचं कार्डही थोरला आधी पाठवायचं. म्हणून ती गोष्ट बदलायची कधी गरज नव्हती आणि चिठ्ठीवर ती नव्हती. एवढं लक्षात ठेवा.

दर शनिवारी भाई अकोल्याहून यायचा. कार्ड डब्यात, डबा पिशवीत, आणि शेतात चालावं म्हणून कार्डासाठी घेतलेली मोटरसायकलची बॅटरी दुसऱ्या पिशवीत. लॅबमध्ये तो, मी आणि वानखडे काका. काका आमचे लॅब अटेंडंट, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. वीज गेली की आम्ही व्हरांड्यात चहा प्यायला बसायचो. वीज आली की भाई अर्धा कप सोडून आत पळायचा आणि आम्ही आत जाईपर्यंत चिठ्ठी वाचून मशीन पुन्हा लावून ठेवायचा. हे इतकं ठरलेलं होतं की काका त्याचा उरलेला चहा बशीने झाकून ठेवत.

कार्ड चाललं नाही.

तपासणीसाठी त्याने कार्डात एक जिना भरला होता. आकडा सोळा पायऱ्यांनी वर चढतो, पुन्हा खाली येतो, पुन्हा चढतो. मशीनमधून निघाल्यावर ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर जिना दिसला की कार्ड बरोबर. पण दिसायची सपाट रेघ. फार निरखून पाहिलं तर रेघेला बारीक लव असल्यासारखी दिसे, बाकी काही नाही. पाच शनिवार गेले. विभागप्रमुख इंगळे सर एकदा मागे उभे राहून बघून गेले आणि मला बाहेर बोलावून म्हणाले, “मॅडम, तुमचे भाऊ आहेत म्हणून बोलत नाही. पण डिप्लोमावाल्याकडून हे होणार होतं का?” मी तशीच आत गेले. मला बोलायला हवं होतं.

शेवटच्या शनिवारी भाईने सगळं पुन्हा तपासलं. कार्डाच्या टोकाला जिना होता, मशीनच्या टोकाला नव्हता. तो बराच वेळ केबल हातात धरून बसला. मग म्हणाला, “कहीं तो उलटा है, नस्सू.” ती केबल आमच्या कॉलेजच्या वर्कशॉपने बनवली होती. कुठली तार कुठे, त्याची आकृती भाईने आमच्या प्रकल्पाच्या वहीत काढली होती आणि वर्कशॉपसाठी ती इंग्रजीत उतरवून मी दिली होती. माझा तो कागद टेबलावर पडलेला होता. भाईने तो उचलला, पाहिला, घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. मग “चल, चाय पियेंगे,” म्हणाला. चहा पिताना माझ्या स्वयंपाकघरातला नळ अजून गळतो का ते विचारलं. गळतो म्हटलं. पाच दिवसांनी तो गेला.

चाळीसवा झाला. मी कॉलेजला जायला लागले. एक दिवस इंगळे सरांनी प्रकल्पाच्या अहवालाचा मसुदा माझ्या टेबलावर ठेवला. त्यात लिहिलं होतं, “कार्ड सदोष असल्याने चाचणी पूर्ण होऊ शकली नाही.” खाली भाईचं नाव होतं. त्याच्या वीस वर्षांच्या कामात त्याचं नाव छापून येणार होतं ते एवढ्याच ठिकाणी.

मी सरांना म्हटलं, “मला एकदा बघू द्या.”

“सोमवारी नागपूरची गाडी येते मशीन न्यायला.”

“शनिवार आहे मधे.”

“बघा. पण मॅडम, माणूस चांगला होता यात वाद नाही. कार्ड नाही चाललं तर नाही चाललं. त्याचं इतकं मनावर घेऊ नका.”

पोळा होऊन गेला होता. त्या शनिवारी सकाळी साडेनऊला मी लॅब उघडली. काका आधीच आले होते. मी सांगितलं नव्हतं तरी त्यांनी टेबल पुसून ठेवलं होतं. कार्ड भाभीने माझ्याकडे पाठवलं होतं, त्याच डब्यात, त्याच पिशवीत. बॅटरी काकांनी आदल्या दिवशी चार्ज करून ठेवली होती.

मी मशीन चालू केलं आणि आधी प्रीसेटचं बटण दाबलं, म्हणजे सगळं कारखान्याच्या स्थितीत येतं. लॉगबुकमध्ये वेळ घालून तसं लिहिलं. हे महत्त्वाचं आहे, म्हणून सांगते. ती नोंद माझ्या अक्षरात आहे. मग चिठ्ठी वाचत एकेक गोष्ट लावली. उर्दू मला येते, सावकाश वाचते. सहा ओळी, सहा गोष्टी. केबल लावली. पडद्यावर सपाट रेघ. कार्ड काढून पुन्हा लावलं. सपाट रेघ. तासभर मी जे जे सुचेल ते केलं. थोरल्या-धाकट्याच्या ओळीला मी हात लावला नाही. तिकडे लक्षच गेलं नाही, कारण तिथे काही चुकेल असं कारणच नव्हतं.

पावणेअकराला वीज गेली. मशीनचा पंखा थांबला. लॅबमध्ये एकदम कोंदट झालं. फक्त कार्डावरचा लाल दिवा बॅटरीवर चालू होता.

काका म्हणाले, “गेली लाइन. चला मॅडम, बाहेर बसा. घाम काहून काढून रायल्या?”

आम्ही व्हरांड्यात बसलो, लॅबच्या दारासमोर. लॅबला दार एकच आहे आणि ते उघडं होतं. काकांनी चहा आणला. दोन कप आणायला गेले ते सवयीने तीन घेऊन आले. मी तिसरा कप बघत बसले. काका त्यांच्या शेतातल्या सोयाबीनबद्दल काहीतरी सांगत होते, पाऊस वलगावला पडला आणि त्यांच्याकडे कसा नाही पडला, असं. मला अर्धंच ऐकू येत होतं. वीज यायला पंचवीस मिनिटं लागली असतील. त्या वेळात दारातून कुणी आत गेलं नाही. हे मी शपथेवर सांगू शकते. दुसरं कुठलंही वाक्य नाही सांगू शकत, पण हे सांगू शकते.

वर पंखा फिरायला लागला. आतून मशीनचा आवाज आला. मी लगेच उठले नाही. काय करायचं होतं आत जाऊन... पुन्हा सहा ओळी, पुन्हा तीच रेघ. दोनेक मिनिटांनी आम्ही आत गेलो. काका पुढे होते. ते दारातच म्हणाले,

“चालू करून ठेवली वाटते भाईनं.”

आणि मग त्यांनी तोंडावर हात ठेवला.

वीज आल्यावर ते मशीन नेहमी एकाच पानावर उघडतं, नुसता मोठ्या अक्षरांत लहरीचा आकडा असतो. त्या दिवशी पडद्यावर बाहेरच्या आकड्यांचं पान होतं. सहाच्या सहा ओळी चिठ्ठीप्रमाणे लावलेल्या होत्या. या मशीनमध्ये आपण शेवटी जी ओळ बदलतो ती उजळलेली राहते. उजळलेली ओळ सातवी होती. तिथे इंग्रजीत लिहिलं होतं, धाकटा आधी.

ऑसिलोस्कोपवर जिना होता.

सोळा पायऱ्या. मी मोजल्या. वर चढून खाली येत होता आणि पुन्हा चढत होता. कडा अगदी स्वच्छ. मला त्या क्षणी काय वाटलं असं कुणी विचारलं तर आनंद नाही, भीतीही नाही. शाळेत फळ्यावर कुणीतरी तुमचं नाव लिहून ठेवलेलं असतं आणि का लिहिलं ते माहीत नसतं, तसं काहीतरी.

“काका, तुम्ही हात लावला?”

“म्या? तुमच्या समोरच त बसलो होतो मॅडम. अन् मले त्यातलं काय समजते?”

“कुणी आलं होतं?”

“कोण येईल? शनिवार हाय.” मग ते हळू म्हणाले, “मी सवयीनं बोललो. बोलून गेलो.”

मी बसले. सातवी ओळ बदलून थोरला आधी केली. सपाट रेघ. धाकटा आधी, जिना. असं तीनदा केलं. बटण सापडायला वेळ लागत होता.

मग प्रश्न पडला की हे असं का चालतंय? कार्ड थोरला आधी पाठवतं. ते मी कार्डाच्या टोकाला पाहिलेलं आहे, भाईनेही पाहिलेलं आहे. मशीन उलट वाचतं तेव्हा बरोबर येतं, याचा अर्थ मधे कुठेतरी ओळच उलटली आहे. मधे फक्त केबल आहे. केबल आकृतीवरून झाली. आकृती...

वही काढली. प्रकल्पाची वहीसुद्धा आम्ही जुन्या पद्धतीने वापरायचो, तो उजवीकडून, मी डावीकडून. काम करताना गंमत म्हणून सुरू केलं आणि तसंच राहिलं. त्याच्या बाजूच्या सहाव्या पानावर ती आकृती होती. वर सोळा रिकामे चौकोन काढले होते, म्हणजे मशीनच्या सोळा तारा. प्रत्येक चौकोनाखाली कार्डाच्या तारेचा नंबर. चौकोनांना त्याने नंबर दिलेले नव्हते. त्याच्या लेखी गरज नव्हती. पहिला चौकोन म्हणजे पहिला चौकोन.

त्याचा पहिला उजवीकडून होता. मी डावीकडून धरला होता.

थोरल्याची तार धाकट्याच्या जागी गेली आणि धाकट्याची थोरल्याच्या. जिना चढत होता तो अगदी खालच्या बिटांत, म्हणून रेघेला नुसती लव दिसत होती. पाच शनिवार आम्ही तीच लव बघत होतो. कार्डात दोष कधीच नव्हता. चूक माझी होती, आणि माझ्यासारख्याच माणसाकडून होईल अशी होती... उर्दू वाचता येणारी, पण चौकोन मराठी शाळेत मोजायला शिकलेली. वर्कशॉपला भाईचं मूळ पान दिलं असतं तर त्यांनी निदान विचारलं तरी असतं. मी मधे होते म्हणून कुणी विचारलं नाही.

दुपारी बाराला मी इंगळे सरांना घरी फोन केला. ते आले. जिना पाहिला. चष्मा काढून पुन्हा पाहिला.

“हे आधीच का नाही केलं?”

“लक्षात आलं नाही.”

“मग आज कसं आलं?”

मी म्हटलं, “वहीत सापडलं.”

हे खोटं होतं. वहीत ते नंतर सापडलं. काका बाजूला उभे होते, ते खिडकीबाहेर बघत राहिले. आम्ही दोघं याबद्दल नंतर बरीच वर्षं बोललो नाही.

सर म्हणाले, “अहवालात लिहा मग, केबलमध्ये दोष होता, दुरुस्त केला. कार्ड उत्तम.”

“केबलमध्ये दोष नव्हता. वर्कशॉपने दिल्याप्रमाणेच केलं.”

“मॅडम, एवढं कोण वाचतं?”

“मी वाचीन.”

अहवालात वाक्य असं गेलं की जोडणीची आकृती उतरवताना माझ्याकडून क्रम उलटा झाला, कार्ड निर्दोष आहे, आणि कार्ड बनवणाऱ्याचं नाव शकील. सरांनी सही करण्याआधी ते दोनदा वाचलं. जाताना दारात थांबून ते म्हणाले, “डिप्लोमावालं जे मी बोललो होतो... ते राहू द्या.” त्यांच्या स्वभावाला हे पुष्कळ होतं.

त्या दुपारी मी आणखी एक काम केलं. मशीन बंद करून चालू केलं. अकरा वेळा. कधी लगेच, कधी पाच मिनिटांनी, एकदा अर्ध्या तासाने. अकराही वेळा ते सगळं विसरून पहिल्या पानावर उघडलं. सोमवारी एजन्सीचा इंजिनिअर आला तेव्हा त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं की वीज गेल्यावर यात काही शिल्लक राहू शकतं का. तो म्हणाला, “बॅटरी डेड आहे मॅडम, काही राहत नाही. आणि राहिलं तरी तुम्ही लावलेलं राहील ना. न लावलेलं कुठून येईल?”

मी स्वतःच लावलं असेल का, हा विचार मी पुष्कळ केला. दुःखात माणूस करतो आणि विसरतो, हे मला ठाऊक आहे. त्या सात आठवड्यांत मी दोनदा गॅस चालू ठेवून कॉलेजला गेले होते. पण वीज जाण्यापूर्वी सातवी ओळ मी बदलली असती तर जिना तेव्हाच दिसला असता. आणि बदलली होती असं धरलं तरी वीज गेल्यावर ती राहायला नको होती. दोन्ही बाजूंनी जाऊन बघते, मधे काहीतरी उरतंच.

रविवारी मी अकोल्याला गेले. भाभी इद्दतीत होती, घराबाहेर पडत नव्हती. मागच्या खोलीत तांदूळ निवडत बसली होती. मी तिला सांगितलं की कार्ड चालतं. चूक माझी होती तेही सांगितलं. मशीनचं सांगितलं नाही.

तिने सूप खाली ठेवलं. “उनको मालूम था?”

“कायका?”

“तेरी गलती है करके.”

मला तोच प्रश्न तिला विचारायचा होता. मी म्हटलं, शेवटच्या शनिवारी त्यांनी माझा कागद खिशात ठेवला होता. त्यावर काही खूण केलेली होती का?

“कागज था एक शर्ट की जेब में,” ती म्हणाली. “मैं देखी नहीं खोल के. कपडे तो सब दे दिये चाळीसवें पे. शर्ट के साथ चला गया होगा.”

बाहेर गल्लीत भंगारवाला ओरडत गेला. ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली आणि निवडता निवडता म्हणाली, “उस हफ्ते में एक बार बोले थे. शनिवार को जाके ठीक कर देता, दो मिनिट का काम है. नस्सू को मत बोलना, शरमिंदा होगी.”

“काय ठीक करणार होते?”

“वो नहीं बोले. मैं पूछी, तो हंसे.” तिने माझ्याकडे पाहिलं. “तेरा वो नल गळता था ना? मैं समझी वही.”

नळ खरंच गळत होता. अब्बांनी शिकवलं होतं तसं वॉशर बदलायचं एवढंच काम होतं, आणि मला ते जमत नाही याची भाई नेहमी थट्टा करायचा. इंजिनिअर आणि नळ नाही दुरुस्त करता येत, म्हणून. त्यामुळे शरमिंदा होईन हे नळालाही लागू पडतं. कागदालाही पडतं. मी कितीदा ते वाक्य मनात म्हणून पाहिलं आहे. दोन मिनिटांचं काम दोन्ही आहे.

परतताना पॅसेंजर मूर्तिजापूरला बराच वेळ थांबली. मी खिडकीतून आमच्या गल्लीच्या दिशेने बघत होते, दिसत काही नव्हतं. मला तेव्हा एवढंच कळत होतं की अहवालातलं वाक्य बदललं आहे आणि ते मी बदललेलं नाही. मी फक्त लिहिलं.

याला आता बरीच वर्षं झाली. प्रकल्प पुढच्या वर्षी बंद पडला, गावांतले मापक कुठे गेले माहीत नाही. वानखडे काका निवृत्त होऊन त्यांच्या गावी आहेत. मधे एकदा ते भेटले तेव्हा त्यांनी माझी, घरची, भाभीची चौकशी केली, आणि निघताना म्हणाले, “मॅडम, तो तिसरा कप म्या फेकला नव्हता त्या दिवशी. बशीनं झाकून ठेवला होता. संध्याकाळी पाह्यला त तसाच होता भरलेला.” म्हणजे त्यांनीही काहीतरी शोधलं होतं आणि त्यांनाही ते सापडलं नव्हतं. मला का कोण जाणे, त्यामुळे थोडं बरं वाटलं.

नळ मी प्लंबरकडून करून घेतला. मशीन नागपूरला गेलं. जाण्याआधी मी कपाळावरची चिठ्ठी सोडवून घेतली, तिच्यावर सहाच ओळी आहेत. कार्ड आणि केबल माझ्या कपाटात आहेत. केबल मी सरळ करून घेतलेली नाही.

वहीही माझ्याकडे आहे. त्याच्या बाजूने एकतीस पानं भरलेली आहेत, माझ्या बाजूने चोवीस. मधली कोरी आहेत.